शर्टाची शिवण बाहेर

धामणकर नाक्यावर एका अनोळखी मुलीने माझं बोट धरलं आणि मला पलीकडे जायचं नसताना मी रस्ता ओलांडला. घडलं ते एवढंच. दुकानासाठी नळाचे जोड घ्यायला आलो होतो, कडेला उभा राहून शेअर रिक्षावाल्यांची भांडणं ऐकत होतो, आणि एकदम बोटाला काहीतरी ऊबदार, किंचित चिकट येऊन बिलगलं. खाली पिवळी रिबीन होती, दुसऱ्या हातात अर्धी चोखलेली बर्फाची पेप्सी होती. वर बघायची तिला गरज वाटली नाही. ती रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या लेखी तिचा बाप तिच्याजवळ होता. मागच्या गल्लीत लूमचा खडखडाट चालू होता, समोरून कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो येत होता, आणि मी हात वर केला. असा हात मी आयुष्यात कधी वर केला नव्हता. टेम्पो चक्क थांबला. पलीकडे पोचल्यावर तिने वर बघितलं, तर चेहरा चुकीचा. ती रडली नाही. बोट सोडलं, हात फ्रॉकला पुसला आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत आलेल्या खऱ्या बापाकडे निघून गेली. तो म्हणाला, "शुक्रिया भाई, मेरे को लगा हाथ से गई." मी म्हटलं, "कोई बात नहीं," आणि नळाचे जोड न घेताच घरी आलो.

संध्याकाळी ऋतिकाला, म्हणजे बायकोला, हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जोड कुठेत?" तिचं काही चुकलं नाही. पण माझं ते बोट पुढे कितीतरी दिवस माझं राहिलं नाही. काउंटरवर बसलो की त्याच्याकडे लक्ष जायचं. कुणीतरी वर न बघता आपल्यामागे यावं, एवढा विश्वास कशाच्या जोरावर टाकतात माणसं? आणि ज्याच्यावर टाकतात त्याला रस्ता ठाऊक असतो का? मला त्या मुलीचा हेवा वाटत होता, आणि भीतीही वाटत होती. कशाची, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. महिन्याभराने मी अंबाडीच्या पुढे एका शिबिर केंद्रात नाव घातलं. शाळेच्या मुलांना रानात, डोंगरात घेऊन जायचं, त्यांना सांभाळायचं आणि शिकवायचं, हे शिकवणारा वर्ग. आठ महिने, दर रविवारी. वय त्रेचाळीस, पोट सुटलेलं, बरोबरचे सगळे कॉलेजातले. गावात, शेलारमध्ये, आमची माणसं हसली. जमिनी गोडाऊनला दिल्यापासून आमच्यात कुणी चालत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचं तरी गाडीची किल्ली शोधतात. फक्त बाबा हसले नाहीत. ओटीवरच्या खुर्चीत बसून, समोरच्या गोडाऊनच्या निळ्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "पोरांना घेऊन जानार? रानात?"

शिकवायला नेत्रा होती. सत्तावीस वर्षांची, काटक, आवाज कधी न चढवणारी. अंबाडीच्या आतल्या गावची. तिचा बाप राघो पूर्वी आमच्याकडे भातकापणीला यायचा. तिलाही ते ठाऊक होतं, मलाही, आणि आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला मनोजसर. पहिल्या परीक्षेत तिने मला सरळ नापास केलं. एका ऐनाच्या झाडाखाली मी पोरांना चाळीस मिनिटं माहिती देत होतो. साल, पान, उपयोग, सगळं. शेवटी दोन पोरं झोपली आणि एक झाडावर चढलं. नेत्रा म्हणाली, "सर, तुम्ही झाडाच्या आणि मुलांच्या मध्ये उभे राहिलात." मग तिने मला बाजूला उभं राहायला शिकवलं. पुढे चालणाऱ्याने सगळ्यात हळू चालणाऱ्याचे पाय वापरायचे. मागच्याला पाणी प्यायला वेळ मिळाला की पुढच्याने प्यायचं. आणि वाटेच्या खुणा. "जे कुणी उचलून नेऊ शकतं," ती म्हणायची, "ती खूण नाही." मी वहीत लिहून घेतलं होतं. दोनदा अधोरेखितही केलं होतं. लिहून घेतलेल्या गोष्टी माणूस करतोच असं नाही.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीत होती. यंदाची शेवटची. जवळच्या एका शाळेची चौथी-पाचवीची अठरा मुलं, सकाळी आठला निघून टेकडीवरच्या पाणवठ्यापर्यंत जायचं आणि अकराच्या आत शाळेत परतायचं. नेत्रा सगळ्यात मागे चालणार, पण बोलणार नाही. मुलांच्या जिवाला धोका दिसला तरच मधे पडणार. आठवड्यापूर्वी मी एकटा जाऊन वाट बघून आलो होतो. चढताना काही अडचण नव्हती. परतताना जिथे पाच-सहा ढोरवाटा एकमेकींत शिरतात तिथे मी खूण धरली होती: गवताची मोठी गंजी, जुन्या घराएवढी, तिच्या उजव्या अंगाने उतरायचं. सोनेरी, भरभक्कम गंजी. तिच्याकडे बघूनच धीर यायचा. त्या दिवशी पाणवठ्यावर सगळं छान झालं. मी बाजूला उभा राहिलो, गप्प बसलो, आणि पोरांनी आपणहून चिखलातले पायांचे ठसे शोधले. हा मुंगसाचा, हा भारद्वाजाचा, हा राजूच्या बकरीचा. मला इतका आनंद झाला की पाण्यावरचा उजेड डोळ्यांत घेऊनच मी उतरायला लागलो. आणि गंजी जिथे होती तिथे काही नव्हतं. चपटं, पिवळट, गोल मैदान होतं, टायरचे वळ होते, गवताच्या काड्या पडल्या होत्या. तबेलेवाल्यांचा ट्रक येऊन गवत घेऊन गेला होता. दर वर्षी नेतात. आमच्या तालुक्यातल्या पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. चेहऱ्यावर काही दिसू न देता म्हणालो, "चला, इकडून," आणि जी वाट पायाखाली आली ती धरली. का, ते मला आता सांगता येतं. मागे नेत्रा होती. राघोची मुलगी. आम्ही शेलारचे, केसरीनाथची, म्हणजे बाबांची, माणसं. आमच्या घरात कुणी वाट चुकलो म्हणत नाही. बाबा तरुणपणी सगळ्या शिवारात प्रसिद्ध होते. बांधाचा वाद निघाला की मोजणीवाले आधी आमच्या ओटीवर यायचे. कुणाचा बांध कुठून कुठे, कुठल्या दगडाखाली जुनी हद्द, हे बाबा पावलांनी मोजून दाखवायचे, आणि त्यांच्या पावलाला कागदाएवढा मान होता. वाट उतरत होती, साग पान टाकून उघडे झाले होते, पायाखाली वाळक्या पानांचा इतका आवाज होता की त्यात मुलांचे आवाज बुडून जात होते आणि मला आपण एकटेच चालतोय असं वाटायला लागलं. ऊन पांढरं झालं. मग एक काटेसावर लागली, लालभडक फुलांनी भरलेली, तिच्या बुंध्याला कुणीतरी जुनी सायकलची ट्यूब बांधलेली. छान झाड आहे, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो.

मी नऊ वर्षांचा होतो. एप्रिल असेल. खाडीपलीकडच्या एका गावात हळदीला गेलो होतो, आणि सकाळी बाबा मला आणि माझ्या सहा वर्षांच्या बहिणीला, रुचिकाला, घेऊन शेतांतून चालत घरी निघाले. आक्का, म्हणजे बाबांची थोरली बहीण, म्हणाली होती, "केसरी, रस्त्यानं जा, पोरं लहान हायेत." बाबा म्हणाले, "मला वाट सांगतेस?" त्या वर्षी वीटभट्टीवाल्यांनी अर्ध्या शिवाराची माती उचलली होती. बांध गेले होते. जिथे पायाला चढ लागायचा तिथे सपाट, जिथे सपाट तिथे खड्डा. बाबा भराभरा चालत होते, मग कमी भराभरा, मग पुन्हा भराभरा. एक चिंच होती, वीज पडून मधोमध चिरलेली. ती आली. बऱ्याच वेळाने पुन्हा आली. मी बाबांचं बोट धरलं होतं आणि ते बोट थरथरत होतं. बाहेरून दिसत नव्हतं. धरलेल्यालाच कळावं इतकंच. मी विचारलं, "बाबा, किती लांब हाय?" ते म्हणाले, "आलंच. गप चाल." रुचिका त्यांच्या खांद्यावर झोपली होती. मला तहान लागली होती, पण तहानेपेक्षा त्या बोटाची भीती जास्त होती. माझा बाप घाबरला आहे, आणि मला ते कळलं आहे हे त्यांना कळता कामा नये, एवढं एकच त्या वयात मला स्वच्छ समजलं होतं. आक्का सांगायची, की चकवा लागला की माणूस त्याच त्याच जागी फिरतो. मग खाली बसायचं, आणि अंगावरचं काहीतरी उलटं करायचं, म्हणजे तो सोडतो. बाबा काही बसणार नव्हते. मी बोट सोडलं, दोन पावलं मागे राहिलो, चालता चालता शर्ट काढला आणि उलटा घातला. शिवण बाहेर, खिसा आत. बटणं लागेनात, ती तशीच धरून ठेवली. चिंच तिसऱ्यांदा आली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. लांब खाडीच्या अंगाला बगळे उतरत होते, पांढरे, एकामागून एक, आणि जिथे बगळे तिथे पाणी, म्हणून मी तहानेने त्यांच्याकडेच बघत होतो. थोड्या वेळाने बाबा अचानक त्याच बाजूला वळले. पंधरा मिनिटांत गावचं देऊळ दिसलं. घरी आक्काने माझ्या शर्टाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि शर्ट काढून सुलटा करून पुन्हा माझ्या अंगात घातला. त्या दिवसापासून बाबा आम्हाला कुठे चालत घेऊन गेले नाहीत. रुचिका आता कल्याणला असते, आणि अजून फोनवर म्हणते, "त्या दिवशी काय मजा आली होती ना रे? किती फिरवलं होतं बाबांनी."

काटेसावर पुन्हा आली. तीच ट्यूब. मी घड्याळ बघितलं नाही. बघितलं असतं तर मुलांनी मला बघताना बघितलं असतं. उलट मी जरा मोठ्याने बोलायला लागलो, हे फूल बघा, ते वारूळ बघा, आणि माझाच आवाज मला लांबून, कुणीतरी टाकीत तोंड घालून बोलावं तसा ऐकू येत होता. अजून एक वळण, मग डांबरी दिसेल, असं मी प्रत्येक वळणाला स्वतःला सांगत होतो. परीक्षा गेली तर गेली, असंही एकदा मनात आलं, आणि लगेच कळलं की ते खोटं आहे. मला ती हवी होती, फार हवी होती, नाक्यावर वर केलेला तो हात मला पुन्हा वर करायचा होता, या वेळी खरोखर आपला म्हणून. मुलांची बडबड कमी झाली होती. कुणाच्या तरी बाटलीचं झाकण रिकाम्या बाटलीवर फिरलं, तो आवाज मला ओळखू आला. तरी मी चालत होतो. वाट एका ओहळात उतरली, ओहळातून वर चढली, आणि वर लाल रंग दिसला. तिसऱ्यांदा. मी मान वळवून मागे पाहिलं, सगळे आहेत ना एवढंच बघायला.

रांगेत माझ्यामागून तिसरी अशी एक मुलगी चालत होती. मैना नावाची, नऊ वर्षांची, सकाळपासून एक शब्द न बोललेली. तिचं चालणं विचित्र झालं होतं. पाय बाहेरच्या बाजूला फेकत, एखादं बदक चालावं तसं. मला वाटलं काटा लागला. म्हणून तिच्या पायांकडे बघितलं. तिच्या चपला उलट्या होत्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात. सकाळी त्या नीट होत्या; चिखलातून बाहेर येताना मीच तिला बंद लावून दिले होते. तिने आधी काटेसावरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझी नजर तिच्यावर आहे हे कळताच पटकन मान खाली घातली.

ती मान मला ठाऊक होती. चौतीस वर्षं ती माझ्याच खांद्यावर होती. हिला कळलंय. केव्हापासून कळलंय कोण जाणे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प आहे, तहानेली आहे, पाय वाकडे टाकत माझा चकवा सोडवतेय. मी थांबलो. खाली बसलो, वाळक्या पानांवर, फतकल मारून. सगळी रांग थांबली. मी म्हटलं, "मुलांनो, मी वाट चुकलोय." मग मी पुन्हा म्हटलं, "मी तासभर चुकलोय, आणि तुम्हाला सांगितलं नाही. बसा सगळे. माझ्या पिशवीत पाच लिटर पाणी आहे, लहानांनी आधी प्यायचं." मुलं बसली. एकाने विचारलं, "सर, मंग आता काय?" त्याच्या आवाजात भीती नव्हती, चक्क मजा होती. मैना चपला सरळ करत होती. मी तिच्याजवळ सरकलो आणि हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?" ती म्हणाली, "हां. दुसऱ्या येळेलाच." "मग बोलली का नाहीस?" तिने बंद लावला, पाय झटकून बघितला आणि म्हणाली, "तुमी लई खुशीत व्हता सर. पान्यापाशी."

मग मी त्यांना शिकवलं नाही, विचारलं. म्हटलं, डोळे मिटा आणि मला सांगा काय ऐकू येतंय. अठरा मुलं डोळे मिटून काटेसावरीखाली बसली. वरून एक फूल पडलं, धप्प असा आवाज झाला, कुणी डोळे उघडले नाहीत. आधी नुसतं रान ऐकू आलं. मग कोतवाल पक्षी. मग एक म्हणाला कोंबडा, दुसरा म्हणाला पिठाची चक्की, आणि मैना म्हणाली, "एसटी. वाड्याची. ती चढाला आशीच रडते." तिने डोळे न उघडता हात केला. दुसऱ्या चार मुलांनी तिकडेच हात केला. इतके सगळे छोटे हात एकाच दिशेला उचललेले, आणि त्या दिशेला मला तर नुसतं ऊन दिसत होतं. आम्ही हळूहळू उतरलो, दर शंभर पावलांना थांबत आणि ऐकत. मैना पुढे होती. तिने माझं बोट धरलं नव्हतं. तिला दोन्ही हात फांद्या बाजूला करायला हवे होते. शाळेत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सगळ्यांची डोकी मोजली, अठरा, आणि मग मला मुलांच्या हौदावर जाऊन तोंड धुवावं लागलं.

नेत्रा वही मिटून माझ्याजवळ आली. "गंजी," ती म्हणाली. मी मान हलवली. "मीपण लहानपणी गंजीचीच खूण धरली होती एकदा. बाबांनी झोडपलं होतं." राघोचा विषय आमच्यात असा पहिल्यांदा निघाला. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही मधे का नाही पडलात?" ती म्हणाली, "मैनेने चपला बदलल्या तेव्हा पडणारच होते. मग वाटलं, एवढ्या जवळून दाखवतेय ती, सरांना दिसेल." मग जरा थांबून, नेहमीच्याच न चढणाऱ्या आवाजात म्हणाली, "मी पास नाही करणार, सर. पोरं तासभर उन्हात फिरली." मी म्हटलं, "बरोबर आहे." वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू, नाक झोंबावं इतकं वाईट वाटलं. ती पुढे म्हणाली, "पण पुढच्या रविवारी या. सहा महिने माझ्या गटात चाला. पुढे नाही. शेवटच्या मुलाच्या मागे."

घरी पोचलो तर बाबा ओटीवर खुर्चीत होते. चार वाजले होते, गोडाऊनची सावली अंगणात आली होती. आता त्यांना चालताना आधार लागतो, आणि तो ते कुणाला मागत नाहीत. मी पायरीवर बसलो, बूट काढले, आणि बुटांकडेच बघत म्हटलं, "बाबा, आज पोरांना घेऊन वाट चुकलो." ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "किती येळ?" "तासभर." "पोरांना सांगितलंस?" "सांगितलं. उशिरा, पण सांगितलं." त्यांनी गुडघा चोळला. मला वाटलं विषय संपला. मग, मी विचारलंही नसताना, ते म्हणाले, "वीटभट्टीवाल्यांनी बांध उचलले व्हते. पायाला काय लागतच नव्हतं." चौतीस वर्षांत पहिल्यांदा. "चिंचेपाशी तिसऱ्यांदा आलो," ते म्हणाले, "तवा मी मागं बघलं. तुझ्या शर्टाची शिवण भायेर व्हती."

मी विचारलं, "मग थांबला का नाहीत, बाबा?"

"कशाला थांबू? तू फिरवला व्हतास ना शर्ट," ते म्हणाले. "म्हटलं, आता पोरानं सोडवलं. मग तू ज्या अंगाला बघत व्हतास, त्या अंगाला चालत ऱ्हायलो."